सव्वासात इंचांचा तुकडा

शेवटच्या भेटीत नानांनी माझ्या हातात लोखंडाचा एक तुकडा ठेवला. नगरच्या दवाखान्यात, नाकात नळी, बोलताना धाप लागत होती. तरी उशाखालचं फडकं त्यांनी स्वतःच ओढून काढलं, बायकोला, कुसुमकाकूंना, हात लावू दिला नाही. "सर, हे घ्या. पुन्याच्या लोकांना द्या. जोडू द्या त्यांना. मिरवनुकीत गाडी न्यायची तुमाला लई हौस हाय, मला ठावं हाय." मी तुकडा घेतला आणि बरं म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला, "सर, ह्ये गेले वो..." त्याला आता दीड महिना झाला. ते 'बरं' मी आज परत घेतोय. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मिरजगावात हमरस्त्याला लागून नानांची पत्र्याची शेड. तिच्यात एक जुना लेथ, वेल्डिंगचं मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या बांबूच्या काठ्या. ट्रॉलीचे ॲक्सल, मोटारींचे शाफ्ट, ऊस गाळायच्या चरकाचे रूळ, जे येईल ते करायचे. शिक्षण सातवी. मी तिथल्याच हायस्कुलात भूमिती शिकवायचो, त्यामुळे मापातलं आपल्याला कळतं असा माझा गोड गैरसमज होता.

गाडी मला एका बागाईतदाराच्या गोठ्यात सापडली. स्वातंत्र्याच्या आधीची, गोल नाकाची, आणि टपावर कडबा रचलेला. इंजिन केव्हाच भंगारात गेलेलं. नाना म्हणाले, जीपचं डिझेल इंजिन बसवू. बसवलंही, पण जीपची गिअरपेटी निघाली लांब. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट आपल्या ट्रक-टेम्पोंत खाली उघडा फिरतो. या गाडीचा एका जाड पाइपात बंद होता, आणि मागची चाकं तो पाइप ढकलूनच गाडी पुढे नेत. म्हणजे पेटी जेवढी लांब तेवढा पाइपही कापायचा आणि आतला शाफ्टही, दोन्ही सारखेच. केसभर वाकडं झालं तर गाडी थरथरून सगळं खिळखिळं होणार. जुन्या गाड्या पाळणारे पुण्याचे एक गृहस्थ पाहायला आले होते. ते मला म्हणाले, "लेथवाल्याचं काम नाही हे. हात लावाल तर गाडीची वाट लागेल." नाना शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे वळून दोन शब्द बोलायचं सौजन्यही त्या गृहस्थांनी दाखवलं नाही. नानांनी त्यांना चहा पाजला. माझं मात्र डोकं फिरलं होतं.

मी गाडी जॅकवर चढवून टेपनं माप घेतलं, वहीत आकृती काढली आणि पाइपावर खडूची रेघ ओढली. नानांनी बोटानं रेघ पुसली. "सर, गाडी मोकळी चालनार हाय का? मान्सं बसवा." ही त्यांची रीत. गाडी जमिनीवर उतरवली, शेजारच्या हॉटेलातली चार-पाच धट्टीकट्टी माणसं आत बसवली, आणि नाना खाली उताणे सरकले. टेप नाहीच. बांबूची काठी जागेवर धरायची, घासत घासत नेमकी बसवायची, मग त्या काठीबरहुकूम लोखंड कापायचं. गाडी भारानं दबल्यावर माझं माप एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, जास्त निघालं! "टेप बरूबर हाय तुमची," नाना गाडीखालून म्हणाले, "मान्सं ऱ्हायली हुती."

पण आत बसलेल्या पंचांनी काय गोंधळ घातला म्हणता! एकाला भजी हवी, दुसरा हॉर्न वाजवतोय, तिसरा नानांनाच शिकवतोय. त्या गलक्यात पाइपाला आधार देणारे दोन तिरके दांडे मोजायचे साफ राहून गेले. पाइपातून सव्वासात इंच कापून काढले, उरलेला जोडला. शाफ्ट मधून कापला, वरून जाड नळी चढवून सांधला, लेथवर फिरवला. जवळ खडू धरायचा, जिथे खडू लागेल तिथे ठोकायचं, असं दोन दिवस, खडू सगळीकडे सारखा लागेपर्यंत. मग सगळं बसवायला गेलो, तर दांडे सव्वासात इंच पुढे आलेले, गाडीला दोन शिंगं फुटल्यासारखी! मी कपाळाला हात लावला. नाना दांड्यांकडे पाहत राहिले, आणि मग पोट धरून हसले. "चुकलं. माझंच चुकलं. पंचांला सांगू नका, नायतर पुन्हा बसतेल." त्याच दुपारी दांडेही कापले.

पहिली फेरी खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत. तेच पंच मागे, कुसुमकाकू पुढे नव्या लुगड्यात. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला नानांनी मांडीवर धरला होता. चढाला मी जीव मुठीत धरून गाडी हाणली. खर्ड्यात उतरल्यावर नानांनी तसाच भरलेला पेला मला दाखवला आणि पाणी पिऊन टाकलं. त्याला अकरा वर्षं झाली. तो सांधा आजवर हलला नाही.

कापून काढलेला तो पाइपाचा तुकडा नानांनी लेथशेजारी उदबत्त्यांसाठी ठेवला होता. अलीकडेच पुण्याच्या त्या गृहस्थांच्या मंडळींना मूळ बनावटीचं इंजिन मिळालंय. शाफ्ट बदलू, तुकडा द्या, पाइप पूर्ववत जोडू, मग गाडी 'अस्सल' म्हणून जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत घेऊ, असं ते म्हणतात. माझा मुलगाही म्हणतो, "अण्णा, संधी सोडू नका." खोटं कशाला बोलू, हौस मला आहे. त्या मिरवणुकीत एकदा तरी जायचं म्हणून मी वर्षानुवर्षं झुरलोय. नानांना ते दिसलं, आणि जाता जाता त्यांनी स्वतःच्या हातचं उत्तम काम मोडायची परवानगी मला देऊन टाकली. केवढा मोठेपणा! पण मी तो चालवून घेणार नाही.

पुण्याला नकार कळवला. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जेवढी अस्सल होती, तेवढीच मिरजगावात कापल्यावरही आहे. नसेल तर नसो. हमरस्ता काही त्यांच्या मालकीचा नाही. परवा कुसुमकाकूंना पुढे बसवून खर्ड्याला जाऊन आलो. पाण्याचा पेला काकूंनी आपणहून मांडीवर घेतला होता.

तुकडा माझ्या टेबलावर आहे. आत उदबत्तीची राख अजून चिकटलेली आहे, ती मी पुसलेली नाही. नाना, तुमचं मी सगळं ऐकलं, टेपसुद्धा बाजूला ठेवली. एवढं एक ऐकणार नाही.