सासऱ्यांना दिलेला श्वास

लग्न होऊन आखाडा बाळापूरजवळच्या त्या गावात आले, तेव्हा नांदेडला माझं नर्सिंग शिकून झालं होतं. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "सूनबाई, आपल्या घरात बायांनी नोकरी करायची रीत न्हाई." त्यांच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, बोलायचं ते सासूबाईंमार्फत.

दोन हजार सात साल असेल. शेतात हळद शिजवणं चाललं होतं. विहिरीवरची मोटर लावायला गेलेल्या सासऱ्यांना स्टार्टरचा शॉक बसला आणि ते तिथंच कोसळले. दीर धावले.

"हात लावू नका! आधी मेन बंद करा!" मी ओरडले. त्या घरात माझा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला.

मेन बंद झाल्यावर मी त्यांना हलवलं, हाका मारल्या. ओ नाही, श्वास नाही. कुणीतरी बाज आणली. "बाजेवर न्हाई. खाली कडक जमीनच पाहिजे. तुमी जीप बोलवा."

पदर कमरेला खोचला. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला, कोपरं ताठ केली आणि जोरानं दाबत राहिले. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत होते. तीस दाब झाले. मग डोकं मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून मी त्यांच्या तोंडावर तोंड ठेवलं.

"अगं बये, सासरा हाय तुहा! काहून इज्जत घालवून राहिली?" सासूबाईंनी माझा दंड ओढला.

मी तो झटकला. "आत्या, बाजूला व्हा."

दोन श्वास दिले. दोन्ही वेळा छाती फुगली. पुन्हा दाब. हात भरून आले तेव्हा दिरांना शेजारी बसवून शिकवलं आणि त्यांच्याकडून दाबून घेतलं. जीप यायच्या आतच सासऱ्यांना उचकीसारखा श्वास आला, मग खोकला, मग नीट श्वास.

दवाखान्यातून ते बरे होऊन आले. एक बरगडी तेवढी दुखावली होती. गावात मात्र भलतीच चर्चा. हापशावर एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सासऱ्याच्या तोंडाला लागली म्हणे."

"लागले," मी म्हणाले. "तुमच्या घरी असा वखत आला तर बोलवा. तिथंबी लागीन."

त्याच संध्याकाळी मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. मधे कुणी नव्हतं. "मामा, सोमवारपासून मी कळमनुरीच्या दवाखान्यात नोकरीला जाणार."

त्यांनी दुखऱ्या बरगडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "कळमनुरीची जीप सकाळी लवकर निघती." त्यांनी परवानगी दिली असं लोक म्हणतात. मी ती मागितलीच नव्हती.

सासूबाई कित्येक महिने बोलल्या नाहीत. डबा माझा मीच करायचे.