चौकातलं सफरचंदाचं झाड कुणी लावलं?

शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरून कुणी पत्ता विचारला, तर आल्मालीसायमधले लोक पत्ता सांगत नाहीत, बातिमा आपाकडे पाठवतात. कारण पत्ता सांगितला की माणूस दुसरा प्रश्न विचारतो. वरच्या ओढ्यावरची पडकी दगडी खोली कसली? बर्फ पडल्यावर तितर भर रस्त्यात का येतात? तो निळा, शीळ घालणारा पक्षी कोणता? आपाला हे सगळं ठाऊक असतं. खोलीत पूर्वी पाण्यावर वीज बनायची. तितरांना पेट्रोल पंपामागच्या टाकलेल्या दाण्यांची सवय लागलीय. निळा पक्षी दर वर्षी तिसऱ्या पुलाखालीच घरटं करतो आणि माणसांपेक्षा वेळेवर येतो.

आपा शहात्तर वर्षांची आहे. पंचेचाळीस वर्षं तिने इथलं वाचनालय सांभाळलं. मी तीन वर्षांपासून तिच्या अंगणातल्या खोलीत भाड्याने राहते. अल्माती शहराच्या झाडांच्या खात्यात मी अभियंता आहे; झाडं मोजणं, त्यांची तब्येत पाहणं हे माझं काम.

शरद ऋतूत आपा शाळेतल्या तिसरीच्या मुलांना वस्तीभर फिरवते. फेरी संपते ती चौकातल्या आपोर्ट जातीच्या सफरचंदाच्या झाडाखाली. "हे झाड बत्तीस साली माझ्या वडिलांनी, इस्काक माळ्याने लावलं. तेव्हा इथे चौदा घरं होती," ती सांगते, आणि मुलं खाली पडलेली फळं खिशात कोंबतात. एकेक फळ खिशात मावत नाही एवढं मोठं.

इस्काक गेले तेव्हा आपा सहा वर्षांची होती. घरात त्यांचा एकच फोटो आहे, त्यातही टोपीची सावली तोंडावर पडलेली. त्यामुळे वडिलांचं म्हणून तिच्याकडे जे होतं, ते हे झाडच.

या वर्षी जिल्हा कचेरीने बसथांब्यावर मोठा फलक लावायचं ठरवलं. तीन रकाने: वस्तीचा इतिहास, पाहण्यासारखी ठिकाणं, इथले प्राणी-पक्षी. मजकूर अर्थातच आपाचा. तिने अकरा वेळा लिहून काढला. इतिहासाच्या रकान्यातली पहिलीच ओळ होती: 'चौकातलं सफरचंदाचं झाड १९३२ साली वस्तीचे पहिले माळी इस्काक यांनी लावलं.' शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मजकूर छपाईला जायचा होता. फक्त जुन्या झाडाचा उल्लेख असेल तर आमच्या खात्याचा वयाचा दाखला लागतो, म्हणून मंगळवारी सकाळी मी पोकळ गिरमिट घेऊन झाडापाशी गेले.

हे गिरमिट खोडात फिरवत घातलं की आतून पेन्सिलीएवढी काडी निघते. तिच्यावरची वलयं मोजायची. छातीच्या उंचीवर मी एकोणनव्वद वलयं मोजली.

"बरोबर ना?" आपा म्हणाली. ती घरातली खुर्ची घेऊन समोर बसली होती, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी.

"अगदी बरोबर. रोपाला छातीएवढं व्हायला तीन-चार वर्षं धरली की झालं."

तिथेच थांबले असते तर काही झालं नसतं. पण नियमाप्रमाणे दुसरी काडी जमिनीलगत काढायची असते. खोडाला गुडघ्याच्या उंचीवर जाडजूड फुगवटा आहे. त्याच्या खाली मी पोटावर झोपून गिरमिट घातलं. काडी बाहेर आली आणि मी मोजायला लागले. मोजलं, पुन्हा मोजलं, भिंग लावून परत मोजलं.

"काय गं, झोप लागली का तिथे?"

"आपा, इथे एकशे बारा आहेत. आणि त्याच्या आतलं लाकूड कुजलंय, म्हणजे त्याहूनही जास्त."

आपा उठली. "तुझं यंत्र बिघडलंय."

"हे यंत्र कसलं, आपा, ही नळी आहे. हिच्यात बिघडण्यासारखं काही नाही."

"वस्ती बत्तीस सालची. त्याआधी इथे माणूसच नव्हता. मग झाड कुठून येणार?"

मलाही तेच कळत नव्हतं. एकाच खोडाचं वय खाली एकशे बाराच्या वर आणि वर एकोणनव्वद कसं? त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "फॉर्मवर एकच आकडा लिहायचा असतो. मी वरचा लिहिते. खोटं काहीच नाही त्यात."

आपाने चहात दूध ओतलं, माझा वाडगा भरून दिला, स्वतःचा तसाच ठेवला. "आणि पोरं पुढच्या महिन्यात त्याच झाडाखाली उभी राहतील तेव्हा मी काय सांगू? वरचा आकडा?"



बुधवारी सकाळी ती शेजारच्या कुंपणापाशी गेली. मी काड्या घेऊन मागे. शेजारी नुर्पेइस अता, म्हणजे नुर्पेइस आजोबा, हा तिचा कुर्दास, एका वयाचा. कुर्दास एकमेकांना वाटेल ते बोलू शकतात, आणि त्यावर रागवायचं नसतं. अता एकेकाळी सामुदायिक शेताच्या बागेत माळी होता. आता गाजरं उपटत होता.

"काय गं थेरडे, सकाळी सकाळी कुंपण चावायला आलीस?"

"चावलं असतं, पण तुझ्यासारखेच सगळे दात पडायचे. इकडे ये. एक विचारायचंय."

"पुस्तकवालीला मी काय सांगणार? मला तर तीन अक्षरी शिव्या तेवढ्या लिहिता येतात."

"नुर्पेइस, चौकातलं झाड माझ्या बापाने लावलं का?"

अताने हातातली गाजरं खाली ठेवली. टोपी नीट केली. "थट्टेत विचारतेस की खरंच?"

"खरंच."

त्याने माझ्या हातातल्या काड्या मागून घेतल्या, उजेडात धरल्या आणि मान हलवली. मग सांगितलं. इस्काक आणि अताचे वडील एकाच टोळीत कामाला होते. नव्या बागेसाठी उतारावरची रानटी सफरचंदं तोडायचा हुकूम आला होता. सगळी तोडली. हे एक इस्काकने गुडघ्याएवढं ठेवून कापलं. म्हणाला, याची मुळं खोल पाण्यापर्यंत गेलीत, नवं रोप शंभर वर्षं असं धरणार नाही. मग त्या बुंध्यावर आपोर्टच्या चार काड्यांची कलमं बांधली. तीन सुकल्या, एक जगली.

"म्हणजे खालचं झाड रानटी," मी म्हटलं. फुगवटा म्हणजे कलमाचा सांधा! वलयांचा हिशोब माझ्या डोक्यात खाडकन जुळला. जुन्या मुळांवरचं कलम वर्ष-दोन वर्षांतच छातीएवढं होतं, म्हणजे ते चौतीसच्या सुमाराचं. मला उडी मारावीशी वाटली, पण आपाकडे पाहून मी जागच्या जागी राहिले.

"मग ते लावलं कुणी?" आपाने विचारलं.

"अस्वलाने. दुसरं कोण होतं इथे? तेव्हा अस्वलं इथवर उतरायची. पोटभर फळं खायची आणि बी टाकून जायची. कशी टाकायची ते या पोरीसमोर सांगू का?"

"नको."

"तूच विचारलंस."

"आणि हे तू मला कधी सांगणार होतास? माझ्या मयतीच्या जेवणाला?"

अता कुंपणाला टेकला. "बातिमा, तुझ्या नाकाची थट्टा केली, नवऱ्याची केली, तुझ्या हातच्या तळलेल्या बाउरसाकची तर पन्नास वर्षं करतोय. बापाची केली का कधी? मेलेल्या माणसाच्या नावावर जे आहे, ते मी काढून घेऊ? तू दर वर्षी पोरांना सांगायचीस, आणि मी इथे तोंड दिसू नये म्हणून, गाजरं नसली तरी खाली वाकून बसायचो."

आपा वळली. मला वाटलं घरी जाईल, पण ती चौकात गेली. झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसली आणि फुगवटा बोटांनी चाचपू लागली.

"तीन सुकल्या म्हणाला ना? मग त्यांच्या खुणा असतील."

आम्ही दोघी शोधू लागलो. अर्ध्या तासाने उत्तरेच्या बाजूला सालीला एक चुणी सापडली, मिटलेल्या ओठांसारखी. मग दुसरी. तिसरी काही मिळेना. आपाने अंगठा पहिल्या चुणीत ठेवला.

"आई दर वसंतात गाठीखालचे कोंब कापायची," ती म्हणाली. "मीही कापत आले. बापाने तसं सांगून ठेवलं होतं. का कापायचे, ते मी कधी विचारलंच नाही. जगाला सगळं सांगत फिरले, आणि हे साधं विचारलं नाही."

तिथेच खालच्या रानटी झाडाचा एक कोंब काही वर्षं कापायचा राहून गेला होता. त्यावर बोराएवढी तीन सफरचंदं होती. तिने एक चावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि उरलेलं मला दिलं. इतकं आंबट होतं की डोळ्यांत पाणी आलं. गुरुवारी दिवसभर ती टेबलापाशी बसून होती. कागद कोरा.

शुक्रवारी साडेअकराला कचेरीतल्या मेइरबेकचा फोन आला. आपाने तो मोठ्या आवाजावर टाकला. अता चहाला आला होता, त्यानेही कान दिला.

"आपा, छापखाना थांबलाय. मजकूर तोच ना?"

"पहिली ओळ बदल. लिही: इस्काक माळ्याने १९३४च्या सुमारास रानटी झाडावर आपोर्टचं कलम केलं."

"बरं. आणि मूळ झाड कुणी लावलं?"

"अस्वलाने," अता मागून ओरडला.

"कोण बोलतंय?"

"पुरावा बोलतोय," आपा म्हणाली. "तोंडाकडे बघू नकोस, बोलणं ऐक."

मेइरबेक हसला, मग त्याचा आवाज कचेरीचा झाला. "आपा, अस्वल कागदोपत्री लागतं. कुणी पाहिलं होतं का?"

आपाने अताकडे पाहिलं. अताने खांदे उडवले. "माझ्या बापानेही पाहिलं नव्हतं. पण दुसरं कोण असणार?"

"मग लिही, झाड कुणी लावलं ते माहीत नाही."

"फलकावर 'माहीत नाही' कसं लिहायचं, आपा? लोक काय म्हणतील?"

"लोक मला विचारायला येतील. मीही शोधतेच आहे म्हणून सांगेन." तिने माझ्याकडे पाहिलं. "वरच्या दरीत अशी गाठ नसलेली झाडं अजून उभी आहेत ना गं? त्यांना तुझी नळी लावली, तर तीही वस्तीच्या आधीची निघतात का ते कळेल?"

"परवानगी काढावी लागेल."

"मेइरबेक," आपा फोनमध्ये म्हणाली, "ते छापायला घे. आणि मला सांग, दरीतली झाडं मोजायची परवानगी कोण देतं?"