धाकटीची भिंत

धाकटे,

आपण दोघी राहून आलो त्या कलाकारांच्या घराला आता वर्धापनदिनाचं पुस्तक काढायचंय. तुझ्यावरचं पान त्यांनी स्वतःच लिहून मला तपासायला धाडलं. त्यात म्हटलंय की तू 'भिंतीशी मूक संवाद साधत होतीस'. मी ते वाक्य कापलं. मूक कसला? तू भिंतीला शिव्या घालायचीस आणि त्या मला ऐकाव्या लागायच्या. पुढे लिहिलंय, 'सौम्य, संकोची व्यक्तिमत्त्व'. तिथे मी कागदच बाजूला ठेवला. त्यांना कळवलं, हिच्यावर मी लिहिते, आपल्या भाषेत लिहिते, भाषांतराचं तुमचं तुम्ही बघा. तू जाऊन दीडेक वर्ष झालं. म्हणजे मी बोलत असताना तू मध्ये तोंड घालणार नाहीस, ही पहिलीच खेप. तेव्हा ऐक.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी कॉलेजात परकी भाषा शिकवत होते आणि माझा धाकटा दीर, म्हणजे तुझा नवरा, रंगकामाची कंत्राटं घेत होता. एका दुपारी तू भावजींचा डबा घेऊन साइटवर गेलीस आणि संध्याकाळी आलीस ती कोपरापर्यंत लांबीने माखून. भिंतीतल्या भेगा बुजवायचं ते पांढरं लुकण केसांतसुद्धा गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "डबा द्यायला गेली होतीस की डब्यात पडली होतीस?" तू म्हणालीस, "तिथला माणूस वाकडी पट्टी मारत होता, बघवेना." दुसऱ्या दिवसापासून डबे दोन जायला लागले.

तुझं ते खिडक्यांचं खूळ तिथलंच. नवा रंग द्यायच्या आधी आत किती थर आहेत ते बघायला रंगारी कोपऱ्यात जरासं खरवडतात. बाकीचे नखाएवढं खरवडून पुढे होतात. तू तळहाताएवढं खरवडायचीस, तेही पायऱ्या पाडत: वरचा रंग, त्याच्या आत त्याच्याआधीचा, त्याच्या आत त्याच्याही आधीचा, पार विटेपर्यंत. आणि मग तेवढा तुकडा रंगवायचीच नाहीस. कपाटामागे, दारामागे तशीच ठेवून यायचीस, मालकाला न सांगता. भावजी होते तोवर त्यांनी सांभाळून घेतलं. ते गेल्यावर धंदा तुझ्या हातात आला आणि खिडक्या मोठ्या व्हायला लागल्या. मुलगा हाताशी आला तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं, "आई, लोक आपल्याला रंग द्यायला बोलावतात, काढायला नाही."

मग ती संशोधक बाई आली. जुन्या इमारतींचा अभ्यास करणारी. तिने तिच्या भाड्याच्या घरात चपलांचं कपाट सरकवलं आणि मागे तुझी खिडकी सापडली. फोनवरचा फोटो घेऊन ती आपल्या दारात उभी. तुला वाटलं तक्रार. "झाकून देते उद्या, ओरडू नका," असं म्हणत तू चहाला आधण ठेवलंस. ती ओरडायला आलीच नव्हती. तिने समजावून सांगितलं की परदेशात अशी घरं असतात, रेसिडेन्सी म्हणतात त्याला. कलाकारांना, प्रदर्शनं मांडणाऱ्यांना, अभ्यासकांना तिथे दोन-तीन महिने खोली देतात आणि म्हणतात, करा तुमचं काम. उदयोन्मुख लोकांसाठी असतं ते.

"उदयोन्मुख म्हणजे नुकताच उगवणारा, आई," तुझा मुलगा म्हणाला. "तुझे गुडघे बदलायला आलेत."

"उगवू दे की. सूर्य काय गुडघ्यांवर उगवतो?"

अर्ज त्या बाईने आणि मी मिळून लिहिला. बोलावणं आलं तेव्हा मुलाला नुकतंच इस्पितळाचं मोठं काम लागलं होतं आणि साइटवर भरवशाचं माणूस हवं होतं. तू त्याच्याशी सौदा केलास, माझ्यासमोर. तिथे शेवटच्या दिवशी खोल्या उघडतात, बाहेरचे लोक बघायला येतात. "माझी भिंत बघून एक जरी माणूस खरोखरचा थांबला, तर पुढे मी हेच करणार. नाही थांबला, तर आल्या आल्या तुझ्या इस्पितळाची लांबी भरते आणि या प्रकाराचं नाव काढत नाही." त्याने हात पुढे केला, तू दिलास. दिलेला शब्द तू फिरवत नाहीस हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तो हसत होता आणि मी नव्हते.

त्या घरी कलाकाराला सोबत घरचं एक माणूस आणता येई. लोक नवरा आणतात, तान्हं मूल आणतात. तू जाऊ आणलीस, भाषेसाठी. व्यवस्थापकाने दारातच आपलं नातं विचारलं. त्यांच्या भाषेत जावेला शब्द नाही. मी सांगितलं, आमच्या नवऱ्यांची आई एक. तो म्हणाला, म्हणजे बहिणी. मी तुला सांगितलं तर म्हणालीस, "बहिणी असतो तर कधीच भांडून वेगळ्या झालो असतो, सांगा त्याला." मी नाही सांगितलं. पहिलाच दिवस होता.

तुझी खोली लांबट. एक मेज, एक स्टूल, हात धुवायचं भांडं, उंचावर खिडकी आणि समोर मोठी पांढरी भिंत. तू बोटाच्या पेराने भिंत ठोकलीस, कान लावलास. "हिच्या पोटात बरंच आहे, जाऊबाई." होतंच. येणारा प्रत्येक कलाकार ती भिंत आपल्याला हवी तशी रंगवायचा आणि तो गेला की तिला पांढरा फासायचा, हा घराचा नियम. म्हणजे पांढरा, रंग, पांढरा, रंग, असं आत आतपर्यंत. तू ठरवलंस, सबंध भिंत खिडकी करायची, एका टोकापासून पायऱ्या पाडत.

शेजारच्या खोलीत एक गृहस्थ स्वतःचा श्वास टेप करायचा. ("श्वास घ्यायला इतक्या लांब आला?" तू विचारलंस.) पलीकडे एका पोरीने फाडलेल्या वर्तमानपत्रांनी खोली कमरेपर्यंत भरली होती. त्यांच्या दारांवर 'काम चालू आहे' ही पाटी रात्रंदिवस. तू मात्र साइटवर जायच्या वेळेला जायचीस आणि संध्याकाळी साइट सोडावी तशी खोली सोडायचीस: जमीन झाडलेली, कापड घडी केलेलं, खरवडायच्या पट्ट्या पुसून पिशवीत, पिशवी खांद्याला, आणि पाटी काढलेली.

"राहू दे की पाटी," मी म्हणायचे.

"काम थांबलं की पाटी काढायची. पाटी तशीच टाकून जाणारा रंगारी म्हणजे नळ उघडा टाकून जाणारा."

त्या घरात पाटी असताना कुणी आत जायचं नाही, असा दंडक होता. त्यामुळे व्यवस्थापकाला तुझी खोली दिसायची ती नेहमी संध्याकाळी: झाडून लख्ख, रिकामी, आणि भिंत पापुद्रे सुटल्यासारखी. त्याने आपल्या मनाशी अर्थ लावला. भिंतीला ओल धरलीय, बाईंना कामाला सुरुवातच करता येत नाहीये, आणि त्या इतक्या संकोची की तक्रार करत नाहीत.

शेवटचा आठवडा. रविवारी तू सुट्टी घेतलीस, आपण बाजार बघून आलो. सोमवारी सकाळी तू दार उघडलंस आणि पाऊल आत टाकलंच नाहीस. भिंत पांढरी होती. सपाट, गुळगुळीत, एक पायरी शिल्लक नाही. मागून व्यवस्थापक आला, हातात ब्रश, गालाला पांढरा ठिपका. स्वतः चित्रकलेचा पदवीधर, पण घराची डागडुजी हौसेने स्वतःच करायचा. खुशीत म्हणाला, सबंध रविवार लागला, पण आता निदान काहीतरी टांगता येईल तुम्हाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांना भाषांतर करायचंय. त्याचं तोंड त्या भिंतीसारखं झालं. तू माझा दंड धरलास.

"ओरडू नका. त्याला विचारा, लांबी पाण्याची भरलीय का तेलाची?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"विचारा हो."

पाण्याची. कधी भरली? काल दुपारी, रंग संध्याकाळी. तू तळहात भिंतीवरून फिरवलास, एका जागी थांबलीस आणि नखाने रंगातून एक केस ओढून काढलास. "हात चांगला आहे याचा. ब्रश भिकार आहे. केस सोडतो." मग केस उजेडात धरलास. "हा मला माहितेय. आतल्या प्रत्येक पांढऱ्यात हाच सापडत होता. हे सगळे पांढरे यानेच मारलेत का?"

होय म्हणाला. घर सुरू झाल्यापासून. ब्रशही तोच, कॉलेजातला.

तू स्टुलावर बसलीस. मला वाटलं, संपलं. तू म्हणालीस, "इस्पितळ दिसायला लागलं समोर." मग उठलीस, पाटी उचललीस आणि तिच्या दोन्ही टोकांना खिळे मारून ती दारावर ठोकलीस. "आज ओली आहे तोवर निघेल. उद्या दगड होईल. जाऊबाई, पदर खोचा."

मी, चार-चार वर्गांना धाकात ठेवणारी बाई, त्या दिवशी बादल्या उचलत होते. व्यवस्थापक दारात घुटमळत होता. काही करू का, म्हणाला. मी नाही म्हणणार, तर तू त्याच्या हातात ओला स्पंज दिलास. "माझ्यामागून पुसत ये म्हणावं. जोर लावला तर मारीन." हे मी शब्दशः सांगितलं. तो पुसत आला.

पहिल्यासारखी भिंत निघाली नाही, हे त्या पुस्तकवाल्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. लांबीबरोबर आतले थरही उचकटून यायचे. एक निळा होता, तुझा लाडका, तो सगळाच्या सगळा गेला. तेव्हा तू भिंतीचे आई-बाप काढलेस. मंगळवारी लांबी घट्ट झाली, तुझी पट्टी घसरून अंगठा कापला. चिंधी बांधून पुन्हा लागलीस. गुडघे बोलायला लागले तर स्टुलावर बसून खालच्या पायऱ्या केल्यास. मी म्हटलं, निम्मी भिंत पुरे. तू म्हणालीस, "निम्मी लांबी भरून कुणी साइट सोडतं?" सगळ्यात वरची पायरी म्हणून त्याचा नवाकोरा पांढरा तू हातभर रुंद तसाच ठेवलास. "तो पण याच भिंतीचा की. का काढायचा?"

खोल्या उघडायचा दिवस आला. श्वासवाल्याकडे रांग. वर्तमानपत्रांत लोक खिदळत उतरत होते. आपल्या दाराशी येणारे आत डोकावायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. एक जोडपं आत आलं ते खिडकीबाहेरचं झाड बघून गेलं. तू स्टुलावर, चिंधीचा अंगठा मुठीत. मी समजुतीची भाषणं तयार ठेवली होती, एकाचाही उपयोग नव्हता.

दुपार कलल्यावर एक म्हातारी आली, काठी टेकत, माझ्याहूनही थोरली. पायऱ्यांवरून सावकाश नजर उतरवत गेली आणि शेवटाकडच्या एका हिरव्या पट्ट्यापाशी आली. बोट ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाली, हा माझा आहे. घर नवं असताना ती तिथे राहिली होती. तो हिरवा तिला कधी आवडलाच नव्हता, म्हणाली. जाताना तो पुसला गेला म्हणून बरं वाटलं होतं. पण बोट तिथून काढलंच नाही. तशीच उभी. व्यवस्थापक आला, तिने त्याला ओळखलं, हिरव्यावरचा पांढरा तू मारलास ना, म्हणाली. त्याने होय म्हटलं. पुढे गेलेले लोक परत येऊन दाराशी जमायला लागले.

तू मला खुणेने वाकायला लावलंस. "थांबली ना? ही धरायची ना?"

"धरायची."

"रडतेय का बघतेय?"

"दोन्ही."

"मग धरा."

संध्याकाळी तू मुलाला फोन लावलास. "इस्पितळाला दुसरा माणूस बघ." तो म्हणाला, "कधीच बघून ठेवलाय. तू गेलीस त्याच आठवड्यात." तू त्याला नालायक म्हणालीस.

त्यानंतरची घरं, तिथल्या भिंती, त्या सगळ्याची यादी त्यांच्याकडे आहे, ती त्यांनी छापावी. मी दोन ठिकाणी आले. मग माझे गुडघे गेले आणि तू भाषा न येता एकटी जायला लागलीस, ते तुला छान जमलं. गेलीस ती घरी, साध्या तापाने, पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

एकच गोष्ट राहते. निघायच्या दिवशी व्यवस्थापक भिंतीकडे बघत उभा होता. नियमाने आता तिच्यावर पांढरा मारायचा होता आणि त्याचा हात होत नव्हता. तू मला म्हणालीस, "सांगा त्याला, खुशाल मार. खालचं कुठे पळून जात नाही. पण त्या ब्रशाने नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चांगला मिळतो, मी निवडून धाडते." तो म्हणाला, बरं, तो आला की मारतो. पत्ता मी घेतला. निवडायचं तुझ्याकडे, टपालात टाकायचं माझ्याकडे.

आल्यावर तू दुकानात गेलीस. ब्रश तळहातावर घासलास, केस ओढून पाहिलेस, परत ठेवलास. महिन्याने पुन्हा. हा आखूड, तो राठ, याचा दांडा जड. जन्मभर ज्या दुकानातले ब्रश वापरलेस, त्यात तुला वर्षानुवर्षं एक पसंत पडेना. मी विचारायचे, "ठरला का?" तू म्हणायचीस, "घाई कसली आहे?"

पुस्तकासाठी त्यांनी खोलीचा आत्ताचा फोटो पाठवलाय. भिंत तशीच आहे.

परवा दुकानदार मला हटकून म्हणाला, "धाकट्या बाईंचा तो ब्रश राहिलाच घ्यायचा. नवा माल आलाय, दाखवू?"

मी म्हटलं, नको.