ओढ्याच्या तोंडचा चिखल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला तर नाहीच. आणि सांगताना रडणारही नाही. मला माझा संताप येतो, रडू येत नाही.

मी बुऱ्हाणपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. निंबोला गावापलीकडच्या तलावात माझ्या थोरल्या दिरांनी मासे पाळायला पिंजरे टाकले. समोरच्याच काठावर माझी कमलमावशी राहते. पाण्याला वास येतो म्हणून तिनं भांडण काढलं, तर गाव तिलाच हसलं. तेव्हा ती पंचायतीत म्हणाली, "माझी भाची शिकेल हाय. तिले पाहू द्या. ती सांगेल ते मले कबूल."

कबूल! तो शब्द आठवला की अजून कान तापतात.

बाटलीतलं पाणी त्या दिवसापुरतं सांगतं, तळातले किडे महिनोन्महिन्यांचं सांगतात — हे मीच वर्गात घसा फोडून शिकवते ना? मी पिंजऱ्यांखालचा गाळ उपसला. काळाकुट्ट. माशांचं उरलेलं खाद्य आणि घाण तळाशी कुजत होती, आणि त्यात नुसते दोऱ्यासारखे लाल किडे वळवळत होते. स्वच्छ पाण्यातच जगणाऱ्या, तीन शेपट्यांच्या अळ्या? एकही नाही.

दीर काठावर उभे होते. धमकी नाही, विनवणी नाही. मग मी कशाला भ्यायले? सासरी तोंडं फुगतील, दिवाळीला कुणी बोलणार नाही, म्हणून? एवढ्यासाठी — फक्त एवढ्यासाठी! — मी तो गाळ परत पाण्यात ओतला आणि ओढा जिथं तलावाला मिळतो, तिथला, वाहत्या स्वच्छ पाण्यातला चिखल भरून आणला.

पंचायतीत सगळ्यांसमोर तो पांढऱ्या परातीत पसरला. तीन शेपट्यांच्या अळ्या कशा तुरुतुरु पळत होत्या! "पिंजऱ्यांखालचा आहे," मी बिनदिक्कत म्हणाले. "पाणी चांगलं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीनं वाकून परातीत पाहिलं. मग दिरांपुढे हात जोडले. "माफ करा भाऊ. माझंच नाक खराब झालं असंल."

मी तिथंच उभी होते.

आधी ती प्यायचं पाणी लांबच्या हापशावरून आणायची. आता दारातल्या काठावरच हंडा भरते. काल मी भर उन्हातून तिच्याकडे गेले, तर तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणाले, तहान नाही. मग भरलेलं पाणी टाकायचं कशाला, म्हणून माझ्यासमोर बसून तिनंच ते पिऊन टाकलं. तिला थांबवायला मी हात पुढे केला नाही.