रक्ताची गोष्ट न लपवणारी नणंद

पाचोऱ्याहून फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. "वहिनी, सुजाताताई गेल्या..." त्यांची शेजारीण एवढंच बोलली आणि मला आधी आला तो राग! चारच दिवसांपूर्वी, दवाखान्यातून घरी आल्या आल्या, या बाईने माझ्या लोणच्यात मीठ कमी आहे म्हणून मला फोनवर सुनावलं होतं. असं कसं जातं माणूस?

सुजाताताई माझी नणंद. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. सिकलसेलचा आजार जन्मापासून अंगात. हाडं ठणकायला लागली की उशीत तोंड खुपसून पडायच्या, आणि जरा बरं वाटलं की पुन्हा खडू हातात. सोनगीरच्या आमच्या सासरच्या घरात मात्र हा आजार म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. सासूबाई म्हणायच्या, "गावले कळनं ते पोरनं लगीन कसं जुळी? बठ्ठासनं रगत लालच शे!" सगळ्यांचं रक्त लालच, मग तपासायचं काय, असा त्यांचा हिशोब. ताई हसायच्या, आणि वर्गात फळ्यावर खुशाल स्वतःचंच उदाहरण काढायच्या... आई वाहक, वडील वाहक, दोघंही ठणठणीत, आणि मी ही अशी. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्या, एवढंच त्यांचं मागणं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी कार्तिकी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. ताईंच्या घरी वर्गातल्या पोरांचा कायम राबता. एका संध्याकाळी गच्चीवर त्या पोरांची चांगलीच जुंपली. एकजण म्हणाला, पत्रिका बघण्यापेक्षा रिपोर्ट बघितलेला काय वाईट? त्यावर एक मुलगी उसळली, "म्हणजे आधी तपासणी आणि मग प्रेम? वा रे वा!" सगळे हसले. कार्तिकी नाही हसली. ती ताईंकडे बघून म्हणाली, "आजी-आबांनी तपासणी केली असती तर तू जन्मलीच नसतीस, आत्या. मला नाही करायची." माझा तर जीवच टांगणीला लागला. तिचे बाबा म्हणजे ताईंचे सख्खे भाऊ. पोरगी वाहक असायची शक्यता होतीच, आणि न तपासताच उद्या दुसऱ्या वाहकाशी लग्न करून बसली तर...?

ताई जराही चिडल्या नाहीत. "मी जन्मले, मजेत जगले, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण त्या दोघांना माहीतच नव्हतं गं. तुला माहीत करून घेता येतं. पुढे लग्न, मूलबाळ, कर नाहीतर नको करू, ते तुझं तू बघ. फक्त डोळे झाकून नको." मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "जरा दटावा ना तिला!" तर म्हणाल्या, "दटावलं तर रक्त देईल वहिनी, पण रिपोर्ट वाचणार नाही. थांबा जरा." यावरून आमचं असं वाजलं की रात्रीची भाकरी आम्ही एकमेकींकडे न बघता खाल्ली.

आणि आता त्याच नाहीत. त्यांच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या विद्यार्थ्यांनी अंगण भरलं होतं, ताईंचं ऐकून लग्नाआधी रक्त तपासून घेतलेले काहीजण तर स्वतःची लेकरं कडेवर घेऊन आले होते. कार्तिकी कोपऱ्यात बसून त्या लेकरांकडे बघत होती. अठरा पूर्ण झाल्यावर, मला न सांगता, कॉलेजातून परस्पर सरकारी दवाखान्यात जाऊन ती रक्त देऊन आली. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. वाहक. मी पदर तोंडाला लावला. सासूबाई समोरच होत्या.

"आई, रडतेस कशाला? मी आजारी नाहीये. ज्याच्याशी लग्न करीन त्याला आधी सांगीन, तोही वाहक निघाला तर दोघं मिळून ठरवू." मग रिपोर्टची घडी घालत म्हणाली, "आत्याला जे दोन्हीकडून मिळालं ना, ते मला एका बाजूने मिळालंय. म्हणजे अर्धी तरी आत्या आहेच मी."

जन्मभर ही गोष्ट झाकणाऱ्या माझ्या सासूबाईंनी हात लांब करून नातीला जवळ ओढलं.

"अर्धी कसाले, माय? आखी सुजाताच शे तू."