हेडफोनमधली खटाखट

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात आमचं ऑफिस आहे. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो आणि तो "चहा झाला का?" हेसुद्धा ओरडूनच विचारतो. त्याचं लहानपण भिवंडीत, घरच्या पॉवरलूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं, तिथे ओरडल्याशिवाय कोणाला ऐकूच जायचं नाही.

कुणाचाही वायरलेस हेडफोन अडला की हाक त्यालाच. दुसऱ्याचा हेडफोन तो कानाला कधी लावत नाही. हातात धरून आधी डॉक्टरासारखा दरडावतो, "चार्जिंग केलेली का? खरं सांगा."

माझा नवा हेडफोन त्यानेच तपासून दिला. मी कानाला लावला, तर नुसती खटाखट! त्याने माझ्या कॉम्प्युटरचं ब्लूटूथ बंद करून चालू केलं, मग कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. खटाखट चालूच.

"पीसच खराब हाय, ताई. परत पाठवा!"

मी वैतागून हेडफोन त्याच्याच कानाला लावला. तो ऐकत राहिला आणि लाजून लाल झाला. तपासताना हेडफोन त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेलाच राहिला होता, आणि त्यावर घरच्या लूमचा आवाज चालू होता. लूम भंगारात जायच्या आधी त्याने तो रेकॉर्ड करून ठेवला होता.

"त्याच्याबिगर काम सुचत न्हाय," तो म्हणाला. एवढ्या हळू बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

परवा मात्र तो स्वतःचा हेडफोन गळ्यात अडकवून नुसताच जांभया देत बसला होता.

"आज नाही लावला आवाज?" मी विचारलं.

"शुक्रवार हाय ना, ताई!" तो ओरडला. "शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी असते."