डेल्मा ऑस्टबीने न विकलेलं रिव्हॉल्वर

डेल्मा ऑस्टबी आमच्या दुकानात एकोणीस वर्षं रिव्हॉल्वर विकत होती, आणि त्यातली निदान दहा वर्षं तिला गिऱ्हाइकांची किळस यायची. मी हे शेजारच्या काउंटरवरून सांगते आहे. माझ्याकडे गळ, दोऱ्या आणि जाळी, तिच्याकडे काचेच्या कपाटातली हत्यारं. हॅलेक कोव्ह या आमच्या बेटावरच्या गावात, धक्क्यावर, दुकान एवढं एकच. खिळे, रंग, रबरी बूट आणि बंदुका सगळं एका छपराखाली.

मे महिना लागला की दक्षिणेकडून पाहुणे यायचे. कोरे करकरीत कपडे, खिशांवर खिसे.

"मला तुमच्याकडचं सगळ्यात मोठं दाखवा," त्यातला एखादा म्हणायचा.

"कशासाठी?"

"अस्वलासाठी!"

"तुम्ही त्याच्या मागे जाणार, की ते तुमच्या मागे येणार?"

गिऱ्हाईक हसायचं. डेल्मा हसायची नाही. तिला खरंच उत्तर हवं असायचं. शिकारीला जायचं तर लांब नळी, स्थिर हात आणि जवळ जाण्याचा धीर लागतो. नुसता जीव वाचवायचा असेल तर आखूड नळी, छातीवर बांधलेलं म्यान आणि डोळे मिटून सापडेल अशी मूठ. "आणि दोन्हीपेक्षा बरी म्हणजे खांद्यावरची रायफल," ती सांगायची. "त्याहून बरा तो अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा. तिसऱ्या फळीवर आहे, स्वस्त आहे." फवारा फारसं कुणी घ्यायचं नाही. फवाऱ्यासोबत फोटो चांगला येत नाही.

ती स्वतः चोविसाव्या वर्षी नदीवरच्या सरकारी तळावर मासे मोजायच्या कामाला होती. कमरेला वडिलांचं भलंथोरलं रिव्हॉल्वर. एका सकाळी झुडपांच्या दाटीतून तपकिरी अस्वलाची मादी आली ती थेट अंगावर. डेल्माने सहाच्या सहा बार काढले आणि सहाही नदीतल्या गोट्यांना लागले. मादीने तिची डावी पोटरी धरली, दोनदा झटकली आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, सोडून निघून गेली. पोटरीचा निम्मा मांसल भाग गेला. ती तेव्हापासून पाय ओढत चालायची.

"ते रिव्हॉल्वर माझं नव्हतंच," एवढंच ती त्याबद्दल बोलायची. "बाबांच्या हाताचं होतं. माझं बोट चापापर्यंत नीट पोचतसुद्धा नव्हतं."

म्हणून ती आधी गिऱ्हाइकाचा पंजा बघायची, मग रिकामं हत्यार हातात द्यायची, आणि मग ज्याची तयारी असेल त्याला गावामागच्या खडीच्या खाणीत न्यायची. सात पावलांवर केक भाजायची पत्र्याची ताटली. पाच गोळ्या, पाच सेकंद. चार ताटलीत बसल्या तरच विक्री. जुन्या मालकाला हे पटायचं. तो वारला आणि त्याच्या पुतण्याने, वेंडेल प्रूइटने, दुकान घेतलं. वेंडेलने पहिल्याच महिन्यात कपाटात निळे दिवे लावले आणि मधोमध पाच गोळ्यांचं एक अजस्र रिव्हॉल्वर मांडलं. नळीत अंगठा जाईल असं.

"हे कोण चालवणार?" डेल्माने विचारलं.

"चालवायचं कशाला? विकायचं," वेंडेल म्हणाला.

त्या वर्षी ट्रेंट गॅलवे आला. दक्षिणेकडच्या टल्सा शहरातला, घरांची छपरं घालून देण्याचा धंदा, वय पंचेचाळीसच्या आसपास. टोपीला कॅमेरा. त्याला काळं अस्वल रिव्हॉल्वरने मारायचं होतं, रायफलने नाही. "रायफलने काय कुणीही मारतं," तो मला गळ निवडता निवडता म्हणाला. माणूस वाईट नव्हता म्हणावं तर तसंही म्हणवत नाही. गोड बोलायचा. माझं नाव पेग, तर सारखं "पेग, पेग" करत माझ्या काउंटरवर रेलायचा.

डेल्माने त्याला खाणीत नेलं. मीही गेले, दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिने दुकानातलं चव्वेचाळीस कॅलिबरचं, सहा इंची नळीचं रिव्हॉल्वर दिलं. दहातल्या दोन गोळ्या ताटलीला लागल्या. मग तिने त्याच्या नकळत चक्रात एक वाजवलेलं, रिकामं काडतूस घातलं आणि म्हणाली, "आता मार."

घोडा पडला, बार झाला नाही, आणि तरी त्याची नळी वीतभर खाली गेली.

"बघितलंस? बार होण्याआधीच तू दचकतोस. हे याच्यावर. मोठं घेशील तर डोळेच मिटशील."

"मोठ्याने मोठं भोक पडतं ना पण?"

"खोल पडायला पाहिजे, मोठं नाही. अस्वलाच्या खांद्यावर चरबी, मांस, मग हाड. तिथून आत जायला कडक शिशाची, चपट्या नाकाची गोळी लागते. आत जाऊन फुलणारी, पोकळ तोंडाची नव्हे. ती माणसांसाठी. आठवडाभर रोज शंभर वाजव, मग बघू. नाहीतर रायफल भाड्याने देते."

"माझी सुट्टीच आठवड्याची आहे गं बाई!"

"मग अस्वलाचे फोटो काढ."

दुसऱ्या दिवशी डेल्मा जेवायला घरी गेली असताना वेंडेलने त्याला ते पाच गोळ्यांचं अजस्र विकलं. सोबत पोकळ तोंडाच्या काडतुसांच्या दोन पेट्या. पेटीवर जबडा उघडलेल्या अस्वलाचं चित्र होतं म्हणून त्याने तीच मागितली. मी तिथे होते. मला सगळं ठाऊक होतं. मी गळ मोजत राहिले.

तीन दिवसांनी गॅलवे परत आला तो हत्यार परत करायला.

"याची नेम धरायची खूण वाकडी आहे," त्याने ते काउंटरवर ठेवलं. "साठ पावलांवर होतं! ओढ्याच्या तोंडाशी गवत खात होतं. राक्षस होता राक्षस. पाच बार केले, एक लागला. केस उडालेले दिसले मला."

डेल्मा काचा पुसत होती. तिचा हात थांबला. "मग?"

"मग गेलं झाडीत."

"तू गेलास मागे?"

"त्या काट्यांत? वेड लागलंय का मला?"

"केव्हाची गोष्ट?"

"परवा. काल जरा आराम केला. हात अजून ठणकतोय."

भाकरीच्या पिठात अळी सापडावी तसं तिचं तोंड झालं होतं. मग तिने सगळ्यांना ऐकू येईल असा राज्य पोलिसांना फोन लावला. वन्यप्राण्यांचं बघणारा शिपाई दुसऱ्या बेटावर होता, उद्या दुपारशिवाय पोचत नव्हता. "तुला संपवता येईल का?" त्याने विचारलं. "जखमी केलं म्हणजे ते त्याच्या शिकारीच्या परवान्यात मोजलं गेलं. कातडं, कवटी आणि मांस त्यानेच आणायचं."

"ऐकलंस?" डेल्मा गॅलवेला म्हणाली. "चल."

"मी? अगं, माझं विमान..."

"होडीत बस."

होडी मी चालवली. डेल्माकडे रायफल आणि छातीवर तिचं झिजलेलं चार इंची चव्वेचाळीस, माझ्याकडे भावाची जाड गोळ्यांची बंदूक. गॅलवे मधल्या फळीवर, कॅमेऱ्याची टोपी घालून. ओढ्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा भरती उतरत होती. जागा शोधावी लागली नाही. दोनशे पावलं आत कावळे ओरडत होते.

पुढचं मला नीट सांगवत नाही. सुरुवातीला गवतावर वाळलेलं रक्त, मग एका बुंध्याशी चिखलात लोळल्याची खूण, मग वास. मी मासळीच्या कारखान्यात वाढले आहे, वासाला घाबरत नाही. हा वास घशात बसला. सडलेल्या मांसाचा वास, पण त्या मांसाचा धनी अजून जिवंत होता, हे वासातच कळत होतं.

काट्यांची झुडपं डोक्यावर गेली. डेल्मा गुडघ्यांवर झाली. रायफल पानांत अडकायला लागली तशी तिने ती पाठीवर टाकली आणि रिव्हॉल्वर हातात घेतलं. पाय ओढत, रांगत पुढे. मी तिच्या मागे. आडव्या पडलेल्या झाडाखाली काळं काहीतरी हललं. ते तीन पायांवर उठलं आणि आलं. चार पावलंही नसतील मध्ये. त्याने आवाज केला नाही, फक्त दात वाजवले.

डेल्माने दोन बार केले. घाई नाही, एक आणि मग एक. ते तिच्या पुढ्यात, हात लावता येईल इतक्या जवळ पडलं. ती रिव्हॉल्वर तसंच रोखून बसली. मग म्हणाली, "पेग, श्वास घे."

राक्षस वगैरे काही नव्हता. म्हातारा, दात झिजलेला नर. डावा खांदा पालेभाजीसारखा गळून गेला होता, त्यात माश्यांची अंडी, तांदळासारखी. डेल्माने सुरी घातली आणि गोळी काढली. पोकळ तोंडाची ती गोळी चरबी आणि मांसातच फुलून चपटी झाली होती. हाडाला जेमतेम टेकलेली. दोन दिवस तो जीव तेवढ्यावर सडत होता. तिच्या गोळ्यांचा मात्र पत्ता नव्हता. एक तर छातीतून शिरून बरगड्यांमागून पार बाहेर गेली होती.

मागून गॅलवे आला. नाकावर रुमाल. बघितलं आणि बाजूला जाऊन ओकला. मला वाटलं, चला, एवढं तरी आहे आत. तो तोंड पुसत परत आला.

"ती गोळी मी ठेवू का?" त्याने विचारलं. "आठवण म्हणून."

डेल्मा सुरी पुसत राहिली. त्याने मान तिरकी करून अस्वलाकडे पाहिलं. "आणि हे असं वळवलं ना, तर ती बाजू दिसणार नाही. जरा डोकं वर धरतेस? एकच फोटो."

मी इतक्या वर्षांत डेल्माला रागावलेलं पाहिलंय. हा राग नव्हता. तिने सुरी त्याच्या पायाशी ठेवली. "कातडं तू काढायचंस. मागचे दोन्ही पाय आणि पाठ खाण्याजोगी आहे, तीही काढ. मे महिन्यात मांस टाकून देणं कायद्यात बसत नाही. मी सांगते तसं काप."

"मला हे येत नाही."

"दिसतंय."

चार तास लागले. तिने बोट लावलं नाही. तो रडकुंडीला आला, हात काट्यांनी फाटले, बूट भरले. दोनदा म्हणाला, पैसे देतो, तुम्ही करा. दोन्ही वेळा ती ओढ्याकडे तोंड करून बसून राहिली. फोटो मात्र त्याने काढला. आम्ही मांस होडीकडे नेत होतो तेव्हा कवटी मांडीवर घेऊन स्वतःच काढला.

शिपायाने दुसऱ्या दिवशी जखमी जनावर तसंच सोडून आल्याबद्दल गॅलवेच्या नावे दंडाची पावती फाडली. दंड केवढा, तर त्याच्या विमानाच्या तिकिटापेक्षा कमी. आणि पंधरा दिवसांत तो फोटो इंटरनेटवर सगळीकडे पसरला. खाली लिहिलं होतं की काटेरी जंगलात जखमी अस्वल अंगावर आलं आणि चार पावलांवरून त्याने ते पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्वरने पाडलं. वेंडेलने तो मोठा छापून निळ्या दिव्यांखाली लावला. जूनच्या अखेरीस आणखी सहा मागवावी लागली.

डेल्माने महिनाभर मांस खाल्लं नाही. दुपारी डब्याचं झाकण उघडायची आणि बंद करायची.

"त्याचं काय एवढं," मी एकदा म्हटलं. "मूर्ख आहे तो."

"त्याची किळस नाही गं येत आता," ती म्हणाली. "माझी येते. ताटलीत चार बसल्या की मी कुणालाही देत होते. भीती वाटते म्हणून आलेल्या माणसाला मी एकोणीस वर्षं लोखंड विकलं आणि वर वाटायचं, मी शहाणी."

एका शनिवारी दुकान भरलेलं असताना एक नवराबायको फोटोखाली उभे राहून वेंडेलला ते अजस्र दाखवायला सांगत होते. डेल्मा आपल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाली, "ते अस्वल मी मारलं. चव्वेचाळीसने. या फोटोतल्या माणसाने त्याला दोन दिवस सडवलं आणि मग माझ्याकडे गोळी आठवण म्हणून मागितली."

"डेल्मा," वेंडेल हसत हसत म्हणाला, "गिऱ्हाईक आहे."

"तेच तर."

तिने कपाटाच्या किल्ल्या काचेवर ठेवल्या आणि पाय ओढत बाहेर पडली. नवऱ्याने थोडं थांबून ते रिव्हॉल्वर घेतलंच. बायकोने फवारा घेतला.

आता डेल्मा उन्हाळ्यात सरकारी तळांवर काम करणाऱ्या पोरापोरींना शिकवते. आधी अस्वलापासून लांब कसं राहायचं, मग फवारा, आणि शेवटी, कुणाचा हात खरोखर बसला तरच, हत्यार. मासे मोजणाऱ्या एका मुलीला तिने परवा सरळ सांगितलं, "तू यातलं काही बाळगू नकोस, तू दचकतेस." मुलीला वाईट वाटलं. डेल्माने तिला आपली पोटरी दाखवली.

मी अजून दुकानातच आहे. फोटोही आहे. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी म्हणते, मला बंदुकांतलं कळत नाही, मी गळ विकते. हे बोलताना प्रत्येक वेळी तो वास घशाशी येतो.